मत्स्यालयाचा तळ : वाळू की रेव?



या व्यासपीठावरून आपण राज्यघटनेवर ऐकले असेल, संतवाङ्मयावर ऐकले असेल, पंचवार्षिक योजनांवर तर पुष्कळच ऐकले असेल. आज आम्ही आपल्याला दोन फूट लांब आणि एक फूट रुंद अशा एका काचेच्या पेटीच्या तळाशी नेणार आहोत. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'मत्स्यालयाच्या तळाशी वाळू घालावी की रेव' असे कळवले. त्यांना ती थट्टा वाटली. त्यांनी पुन्हा चिठ्ठी पाठवली, आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले, आणि त्या हट्टाचे फळ आता आपण भोगणार आहात.

मात्र या विषयाचा अधिकार आम्हांला थोडाफार आहे, असे आमचे मत आहे. आमची नोकरीची सारी वर्षे पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. नदीचे गढूळ पाणी वाळूच्या थरांतून गाळून लोकांच्या घरी पाठवणे, हा आमचा धंदा. तेव्हा वाळू आणि रेव यांतले आपल्याला सारे कळते असा आमचा समज होता. तो समज सहा इंच लांबीच्या मुक्या प्राण्यांनी कसा दूर केला, तेच आज सांगावयाचे आहे. यात आमची फजिती पुष्कळ आहे; पण सांगण्याजोग्या गोष्टी बहुधा फजितीतूनच निघतात.

निवृत्तीनंतर नातीच्या वाढदिवसाला आम्ही काचेची पेटी आणली. दुकानदाराने निळ्या रंगाचे चकचकीत खडे दिले, दोन गोल्डफिश पिशवीत बांधून दिले, आणि 'आज पाणी भरा, उद्या मासे सोडा' असा सल्ला दिला. आम्ही तो तंतोतंत पाळला. बाराव्या दिवशी एक मासा गेला, चौदाव्या दिवशी दुसरा. नात रडली नाही. तिने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "आजोबा, तुम्ही सगळ्या गावाला पाणी पाजत होतात ना?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही वाचावयास लागलो.

आता प्रथम एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ते पहिले दोन मासे निळ्या खड्यांमुळे मेले नाहीत, घाईमुळे मेले. मासा आपल्या कल्ल्यांतून अहोरात्र अमोनिया बाहेर टाकीत असतो. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदीत हे सारे वाहून जाते. पेटीत कोठे जाणार? ते काम जीवाणू करतात. एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिली दोन्ही द्रव्ये माशाला विषच; तिसरे पुष्कळच सौम्य. सर्गेई विनोग्राद्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. आणि हे जीवाणू पाण्यात तरंगत राहत नाहीत. ते कशाला तरी चिकटून राहतात. काचेला, दगडाला, गाळणीच्या स्पंजाला, आणि तळाच्या प्रत्येक कणाला. त्यांची वस्ती पुरेशी होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही एक दिवस दिला होता.

म्हणजे तळ ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. ती त्या पेटीची भंगी-वस्ती आहे असे आमच्या लहानपणी कोणी म्हटले असते. आज आपण तो शब्द वापरीत नाही, आणि वापरू नये हेच बरे. आम्ही म्हणू, तो त्या पेटीचा सफाई-कारखाना आहे. मग त्या कारखान्याला माल कोणता घालावा, वाळू की रेव, हा प्रश्न थट्टेचा राहत नाही.

ही गोष्ट पहिल्याने ज्यांच्या ध्यानात आली, त्यांत रॉबर्ट वॅरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचे नाव घ्यावे लागते. १८५० साली त्याने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या मोठ्या भांड्यात त्याने तळाला वाळू आणि चिखल घातला, वर काही दगड रचले, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली आणि गोल्डफिश सोडले. वनस्पतीची पाने कुजू लागली तेव्हा ती खाण्यासाठी गोगलगाई सोडल्या, आणि भांडे स्थिरावले. 'ॲक्वेरियम' हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात तो फिलिप हेन्री गॉस याच्या १८५४ च्या पुस्तकाने रूढ केला. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि आमच्या पिढीतल्या कित्येकांनी काचेमागचा मासा पहिल्याने तेथे पाहिला. आम्हीही वडिलांचे बोट धरून तेथे गेलो होतो. आम्हांला मासे आठवतात. तळाशी काय होते ते मुळीच आठवत नाही. तळाकडे कोण पाहतो?

आता वाळू कशाला म्हणावे आणि रेव कशाला, हे ठरवून घेऊ. नाही तर भांडण निष्कारण वाढते. आपले गवंडी 'जाड', 'बारीक', 'भरड' असे शब्द वापरतात आणि त्यांचे त्यांना कळते. भूशास्त्रज्ञांनी मात्र माप बांधून दिले आहे. १९२२ साली वेंटवर्थने जे कोष्टक मांडले, त्याप्रमाणे एक मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शापासून दोन मिलिमीटरपर्यंतचा कण म्हणजे वाळू. दोनच्या वर गेला की रेव. स्वयंपाकघरातल्या भाषेत बोलायचे तर रवा ही मध्यम वाळू, खसखस ही जाड वाळू, साबुदाणा आला की रेवेची हद्द सुरू झाली.

आमच्या दोन फुटी पेटीचा हिशेब मांडू. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३०, आणि थर ५ सेंटिमीटरचा. म्हणजे ९ लिटर माल, वजनाने सुमारे १४ किलो. वाळू असो की रेव, कण साधारण एकसारखे असले तर मधली पोकळी ४० टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणजे दोन्हींत साडेतीन लिटरच्या वर पाणी मावते. येथपर्यंत दोघी बहिणी सारख्याच.

फरक पुढे आहे. कण अर्ध्या मिलिमीटरचे धरले तर त्या ९ लिटर वाळूतील सर्व कणांचा मिळून पृष्ठभाग सुमारे ६५ चौरस मीटर भरतो, म्हणजे एका लहानशा बिऱ्हाडाच्या जमिनीएवढा. पाच मिलिमीटरच्या रेवेचा पृष्ठभाग साडेसहा चौरस मीटर, म्हणजे एका पलंगाची जागा आणि थोडी वर. जीवाणूंना बसावयास जागा हवी, वाळूत जागा दहापट आहे, तेव्हा वाळू दहापट चांगली! हा हिशेब आम्ही कागदावर मांडला आणि घरातल्या मंडळींना मोठ्या ऐटीत दाखवला. मंडळी म्हणाली, "मग घाला वाळू."

त्याआधी आमच्या निळ्या रेवेचे काय झाले तेही सांगून टाकू. पहिल्या दोन माशांच्या मरणानंतर आम्ही सहा आठवडे पेटी नुसती चालवली, मग तीन नवे गोल्डफिश आणले. ते जगले. पण आमचे खडे मोठे होते. खाण्याचे दाणे त्यांच्या फटींत जात, माशांच्या तोंडाला लागत नसत आणि तेथेच कुजत. नळीने कितीही ओढले तरी तपकिरी गाळ निघतच राही. आणि एका रविवारी संध्याकाळी नात ओरडत आली. एका माशाचे तोंड उघडेच्या उघडे राहिले होते. गोल्डफिशची सवय अशी की तळ चिवडावयाचा, तोंडात घ्यावयाचे, चघळायचे, खाण्याजोगे ठेवून बाकीचे थुंकायचे. तुरीच्या डाळीएवढा एक खडा त्याच्या घशात अडकला होता. आम्ही ओल्या हातात मासा धरला, डोके खाली केले, नातीने विजेरी धरली, आणि आम्ही गळ्याखाली अंगठ्याने हलकेच दाबत राहिलो. आमच्या हातून त्यापूर्वी मोठमोठ्या नळांच्या झडपा सुटल्या आहेत. पण त्या अर्ध्या मिनिटाइतका घाम आम्हांला कधी फुटला नव्हता. खडा सुटला. मासा पुढे जगला. आणि निळी रेव त्याच रात्री बाहेर निघाली.

म्हणून गोल्डफिश पाळणाऱ्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे. एक तर खडा इतका मोठा घ्या की तो तोंडात मावणारच नाही, किंवा इतका बारीक घ्या की अडकणारच नाही. मधला माप हा घातकी माप. आणि दुकानांत नेमका तोच मिळतो.

तेव्हा आम्ही वाळू घातली. आणि येथे आमचा धंदा आमच्या आड आला.

वाळूबद्दल पाणीपुरवठ्याच्या माणसाला जो आदर असतो तो आपल्याला एका उदाहरणाने सांगितला पाहिजे. १८२९ साली जेम्स सिम्प्सनने लंडनमध्ये चेल्सीच्या पाणी कंपनीसाठी टेम्सचे पाणी वाळूच्या विस्तीर्ण कुंडांतून गाळावयास सुरुवात केली. पाणी स्वच्छ दिसावे एवढाच तेव्हा हेतू होता. जंतूंची कल्पना कोणाला नव्हती. पुढे १८९२ साली जर्मनीत हाम्बुर्ग शहरात कॉलऱ्याची साथ आली आणि साडेआठ हजारांच्या वर माणसे मेली. हाम्बुर्गला लागूनच आल्टोना हे गाव. दोघेही एल्ब नदीचेच पाणी पीत. आल्टोना तर प्रवाहाच्या खालच्या बाजूला, म्हणजे हाम्बुर्गची सारी घाण मिसळलेले पाणी त्याच्या वाट्याला. पण आल्टोना ते पाणी वाळूतून गाळी, हाम्बुर्ग गाळीत नसे. आल्टोना बहुतांशी बचावले. काही ठिकाणी रस्त्याच्या एका बाजूला साथ आणि दुसऱ्या बाजूला नाही, असा प्रकार झाला. हे काम वाळूच्या चाळणीने झाले नव्हते. वाळूच्या वरच्या काही सेंटिमीटरांत जी सजीव साय धरते, तिने केले होते.

ही कथा ज्याने पाठ केली आहे, तो मत्स्यालयात वाळू थोडीच घालणार? आम्ही गिलाव्याची बारीक वाळू आणली, धुतली आणि चांगली चार इंच घातली. गोल्डफिश तीन होते, आणखी तीन आणले. पाणी आरशासारखे झाले. दोन महिने आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटी दाखवीत होतो.

तिसऱ्या महिन्यात काचेला लागून वाळूत काळे डाग दिसू लागले. चौथ्यात खालचा अर्धा थर काळा झाला. आम्हांला वाटले घाण साचली, ढवळून काढू. एका संध्याकाळी आम्ही लाकडी पट्टीने तळापासून वाळू उलथली. बुडबुडे आले, कुजक्या अंड्याचा भपकारा सुटला, पाणी करडे झाले. सकाळी सहांपैकी चार मासे पाण्यावर तरंगत होते. ज्याच्या घशातून खडा काढला होता तो मासा वाचलेल्या दोघांत होता. एवढेच आमचे दैव.

चूक कोठे झाली? गाळणी-कुंडातील वाळूतून पाणी सतत खाली झिरपत असते. त्या पाण्याबरोबर प्राणवायू जातो, आणि त्या प्राणवायूवर ती सजीव साय जगते. पेटीतील वाळूतून पाणी जातच नाही. ते वर फिरत राहते. दीझाँ शहरात आँरी दार्सी याने वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून जो नियम बसवला तो १८५६ साली प्रसिद्ध झाला. पुढे ॲलन हेझनने १८९२ च्या सुमारास दाखवले की झिरपण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. कण दहापट लहान, तर झिरप शंभरपट कमी! हे सूत्र आम्ही नोकरीत शेकडो वेळा वापरले. ६५ चौरस मीटर जागा आम्ही हिशेबात धरली. त्या जागेपर्यंत जाण्याचा रस्ताच नाही, हे धरले नाही. घरे बांधली, वाटा ठेवल्या नाहीत.

प्राणवायू संपला की तेथे दुसरे जीवाणू येतात. त्यांतले काही नायट्रेटचा वायू करून सोडतात. ते तर उपकारकच. पण थर जाड असेल आणि त्यात कुजणारा मालही असेल तर आणखी खाली हायड्रोजन सल्फाइड होतो. काळा रंग हा बहुधा लोखंडाच्या सल्फाइडचा. तो तेथे स्वस्थ पडून असेल तर फारशी हानी करीत नाही. वर येता येता प्राणवायूच्या पाण्यात त्याचे विष निवते. म्हणून वाळूत काळा डाग दिसताच घाबरून जाणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आमच्या पेटीत विष वाळूने केले, पण ते माशांच्या तोंडापर्यंत पोहोचवले आमच्या पट्टीने. चार महिन्यांचा साठा आम्ही एका घटकेत उधळला. तो वायू, साठलेला अमोनिया आणि प्राणवायू ओढून घेणारा गाळ, सारे एकदम.

नातीला आम्ही खरे सांगितले. तिने एवढेच विचारले की आता ती पट्टी फेकून देणार का. आम्ही दिली.

तर मग वाळू वाईट आणि रेव चांगली असा निर्णय आपण काढाल. तोही घाईचा होईल. रेवेचे म्हणणेही ऐकले पाहिजे. काही वर्षांपूर्वी घरोघरच्या पेट्यांत रेवेखाली भोकांची एक पाटी घालीत, अजूनही काही जण घालतात. पाटीला उभी नळी असते, नळीत हवेचे बुडबुडे सोडले की पाणी वर चढते, आणि त्याची जागा घेण्यासाठी सारे पाणी रेवेतून खाली ओढले जाते. म्हणजे आमचे गाळणी-कुंडच! येथे तीन ते पाच मिलिमीटरची रेव अत्यंत उत्तम. वाळू येथे कामाची नाही. ती भोकांतून गळते किंवा ती बुजवते. पण ही पाटी नसेल, नुसती रेव असेल, तर रेव घाण गिळते आणि दाखवत नाही. वाळू घाण गिळत नाही. ती वर पडून राहते, आणि यजमानाला लाज आणते. आम्हांला विचाराल तर लाज आणणारा तळ बरा. नळी वाळूच्या पृष्ठभागाच्या बोटभर वर फिरवली की केर उचलला जातो. रेवेत मात्र नळीचे तोंड खुपसावे लागते, आणि ज्याला दर पंधरवड्यास ते करण्याचा कंटाळा त्याने रेवेच्या वाटेस जाऊ नये.

खरे पाहता हा प्रश्न आपण आपल्याला विचारतो हीच पहिली चूक. तो माशाला विचारला पाहिजे. मासा वाचेने सांगत नाही, पण तोंडाच्या घडणीने सांगतो. दक्षिण अमेरिकेतील कोरिडोरास नावाचा चिमुकला मासा दुकानांत सर्रास मिळतो. त्याच्या तोंडाला मिशा असतात. तो वाळूत तोंड खुपसतो, वाळू तोंडात घेतो आणि कल्ल्यांतून सोडून देतो. टोकदार खड्यांवर त्याच्या मिशा झिजतात असे म्हणतात. आमच्या मते निम्मा दोष टोकांचा आणि निम्मा त्या खड्यांतल्या कुजक्या गाळाचा. पण रेवेवर त्याला त्याचा धर्म पाळता येत नाही एवढे निश्चित. त्याच खंडातील एका माशाला तर शास्त्रज्ञांनी जिओफॅगस, म्हणजे माती खाणारा, असेच नाव दिले आहे. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात रिकाम्या शंखांत संसार करणारे मासे आहेत. ते शंखाभोवतीची वाळू तोंडाने उपसून घर बेतून घेतात. त्यांना रेव देणे म्हणजे सुताराला लोखंड देणे होय.

आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? आपल्या नद्यांतील वाम आपल्यापैकी पुष्कळांनी बाजारात पाहिली आहे. ती वाळूत अंग पुरून घेते आणि तोंडाचा शेंडा तेवढा बाहेर ठेवते. वाळूत क्षणात नाहीसे होणारे बोटाएवढे लोच जातीचे मासे आपल्या ओढ्यांत आहेत. कृष्णेच्या खोऱ्यातला पट्टेरी लोच, बोटिया स्ट्रिएटा, परदेशांत हौशी लोक मोल देऊन पाळतात. तो आता संकटात आलेल्या जातींत मोडतो, तेव्हा ओढ्यातून धरून आणावा असे आम्ही कोणास सुचवीत नाही. सांगावयाचे ते एवढेच की त्यालाही मऊ तळ लागतो.

उलट गप्पी, मॉली, एंजल हे पाण्याच्या वरच्या आणि मधल्या भागात हिंडणारे. त्यांना तळाचे सोयरसुतक नाही. तेथे यजमानाची हौस चालेल. फक्त पांढराशुभ्र तळ घालू नये. त्यावर मासे फिके पडतात आणि बुजतात. गर्द रंगाच्या तळावर त्यांचा रंग खुलतो. आमची काळी दख्खनी वाळू या कामी विलायती पांढऱ्या वाळूला हार जात नाही.

वनस्पती लावणाऱ्यांसाठी दोन शब्द. फार बारीक वाळू मुळांभोवती घट्ट बसते, फार मोठ्या रेवेत रोप उभे राहत नाही. एक ते तीन मिलिमीटरचा माल, दोन ते अडीच इंच जाड, यात व्हॅलिस्नेरिया उत्तम पसरते. मुळे खोल प्राणवायू नेतात, त्यामुळे काळेपणाही कमी होतो.

आता माल कोठून आणावा? या मुद्द्यावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण येथे पुस्तके आपल्याला उपयोगी पडत नाहीत. ती दुसऱ्या देशांत लिहिलेली असतात आणि आपली नदी दुसरी असते. घाटावरची आपली वाळू काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. तो स्वतः पाण्यात काही सोडीत नाही. पण आपल्या नद्यांच्या वाळूत चुनखडीचे पांढुरके खडे मिसळलेले असतात, आणि काळ्या दगडाच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे स्फटिकही सापडतात. हे हळूहळू विरघळतात आणि पाणी जड करतात. कोकणच्या किनाऱ्यावरची वाळू तर शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली, वर मीठ. ती समुद्राच्या माशांना ठीक, किंवा आफ्रिकेच्या सरोवरांतील जड पाण्याच्या माशांना धुऊन चालेल. मऊ पाण्याच्या माशांना नाही. शिवाय पाणी अल्कधर्मी झाले की तेवढाच अमोनिया माशाला अधिक बाधतो, हे ध्यानात असावे.

परीक्षा सोपी आहे. वाळू कोरडी करावी, बशीत घ्यावी, वर व्हिनेगर ओतावे किंवा लिंबू पिळावे आणि भिंगातून पाहावे. बुडबुडे येऊ लागले की चुना आहे. अगदी दोन-चार कण फसफसले तर ते वेचून टाकता येतात. सारी बशी फसफसली तर ती वाळू आंगणात टाकावी.

नदीवर जाऊन पोते भरून आणू नये. एक तर वाळू उपसावयास सरकारचा परवाना लागतो. दुसरे असे की नदीची वाळू ही नदीची पाण्याची कोठी आहे. आम्ही कित्येक उन्हाळ्यांत वाळूत विहिरी खोदून गावांना पाणी दिले आहे, आणि वाळू उपसून खडक उघडा पडलेल्या पात्रांत तीच विहीर कोरडी पडलेली पाहिली आहे. आपल्या १४ किलोंनी नदी आटणार नाही हे आम्हांला कळते. तरीपण जो मासे पाळतो त्याने तरी माशांच्या घरातली वाळू उचलून आणू नये असे आम्हांला वाटते. हा आमचा हेकेखोरपणा समजा. पाणी गाळण्याच्या यंत्रांसाठी अर्ध्या ते एक मिलिमीटरची चाळलेली वाळू विकत मिळते, तिच्याइतकी एकसारखी वाळू दुसरी नाही. आजकाल बांधकामाला दगड भरडून केलेली वाळू वापरतात, ती मात्र पेटीत घालू नये. तिचे कण धारदार आणि भुकटी न संपणारी.

आमची तिसरी पेटी गेल्या सहा वर्षांपासून चालू आहे. तिच्यात गाळणीची वाळू आहे, पुढच्या बाजूला एक इंच आणि मागे, वनस्पती आहेत तेथे, दोन इंच. मागच्या भागात वाळूखाली थोडी जाड रेव आहे, मुळांसाठी. कालांतराने वाळू खाली आणि रेव वर येते हे आम्हांला ठाऊक आहे, आणि आली तर येऊ द्यावी. ढवळण्याचे काम आम्ही आता करीत नाही. त्यासाठी आपल्याच नद्यांत सापडणारी, लांबट निमुळत्या शंखाची एक गोगलगाय आम्ही सोडली आहे. ती दिवसभर वाळूत नांगरत असते आणि रात्री काचेवर येते. खाणे जास्त पडले की तिची प्रजा वाढते, त्यावरून नातीच्या हाताचे माप आम्हांला कळते. पंपाचे तोंड वाळूपासून चार बोटे उंच आहे, कारण एक कण आत गेला तरी त्याचे चाक झिजते. वाळू हलवताना पंप बंद करावा.

वाळू घालण्याची रीत सांगून आटोपते घेतो. घमेल्यात थोडी थोडी घेऊन आठ-दहा पाण्यांनी, तांदूळ धुतो तशी, वरचे पाणी निवळ होईपर्यंत धुवावी. ओलीच पेटीत पसरावी. वर एक ताटली उपडी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओतावे. नळाचे पाणी असेल तर एक दिवस उघडे ठेवून मग. त्यात क्लोरीन असतो. तो आम्हीच घालीत होतो, तेव्हा आमच्यावर विश्वास ठेवावयास हरकत नाही. पहिल्या दिवशी पाणी धुरकट दिसेल, दोन दिवसांत निवळेल. कोणा मित्राच्या जुन्या पेटीतला गाळणीचा स्पंज मिळाला तर तो आत पिळावा, म्हणजे जीवाणूंची वस्ती लवकर होते. त्यानंतर दुकानातून थेंबांची परीक्षा आणून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत वाट पाहावी. चार आठवडे, सहा आठवडे. रिकाम्या पेटीकडे रोज संध्याकाळी पाहत बसणे लहान मुलांना फार जड जाते. आमच्या नातीने त्या दिवसांत भिंतीवर खडूने रेघा ओढल्या होत्या, त्या अजून पुसलेल्या नाहीत.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिलेले आम्ही पाहिले आहे. काल चिटणीसांनी जाहीर केल्याप्रमाणे ज्यांनी आपल्या घरच्या पेटीतली वाळू पुडीत बांधून आणली असेल, त्यांनी पुढे टेबलापाशी यावे. बश्या, भिंग आणि लिंबे आम्ही आणली आहेत.